आखाजीपुरतं छप्पर

राजघाट रस्ता, बऱ्हाणपूर
१९ एप्रिल २०२५

चि. रजनी,

आशीर्वाद. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगतो, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण आपण दोघं फोनवर आलो की तिसऱ्या वाक्याला भांडतो. शिवाय टॉवरच आडवा पडलाय. पोस्टात चौतीस वर्षं काढली मी. कागदावर माणसाला मधेच कोणी तोडत नाही, एवढं शिकलो.

टीव्हीवर पाहिलंच असशील. परवा गुरुवारी चारच्या सुमारास आभाळ आधी पिवळं झालं, मग विटकरी, आणि पुढच्या वीस मिनिटांत काय झालं ते आम्हा कोणालाच नीट सांगता येत नाही. आंधी दर उन्हाळ्यात येते, केळी झोपवून जाते, लोक दोन दिवस शिव्या देतात आणि कामाला लागतात. ही तसली नव्हती. लूमच्या शेडची छपरं उचलून हमरस्त्यावर आणून टाकली. शनवारा चौकाकडे एक रिक्षा झाडावर आहे. खोटं नाही सांगत, झाडावर. दापोऱ्याला केळीचा एक खांब उभा नाही म्हणतात. आपल्या गल्लीत समोरच्या शालिग्रामचं घर बसलं. म्हातारा खाटेखाली शिरला म्हणून वाचला, बकरी गेली. तो बकरीसाठी रडतोय आणि लोक त्याला सांगताहेत, बाबा, तू वाचलास ना. मला तर त्या सांगणाऱ्यांचाच राग येतो.

आपल्या घराला तसं काही नाही. दोन-चार पत्रे हलले. भिंतीला थोडं खरचटलं.

असो. पत्र वादळासाठी लिहिलं नाही. आखाजी तीस तारखेला आहे. तू ये. लाइट नाही, नळ दिवसाआड आहे, सगळ्या गावाचं तोंड उतरलेलं आहे, आणि मला वाटलं की निदान आपल्या घरात तरी सण व्हावा, माहेरवाशीण यावी. प्रतिभा मांडे भाजायचं खापर घासून बसली आहे. तू नाही आलीस तर ते मांडे मलाच खावे लागतील आणि माझी साखर तुला माहीत आहे.

वामनदादा

*

इंदूर
२३ एप्रिल

ती. दादास नमस्कार,

तुझं पत्र हातात आलं तेव्हा मी शाळेतून येऊन चप्पलसुद्धा काढली नव्हती. तशीच दारात बसून वाचलं. शेजारची विचारते, दीदी, सब ठीक तो है ना? मी म्हटलं, भाईने बुलाया है. मग रडायला आलं, आणि मग तुझा राग आला. बोलवायला तुला वादळ लागतं!

मी येते. २९ ला शाळा करून दुपारची बस धरेन, अंधार पडायच्या आत पोचेन. वहिनींना साडी घेतली आहे. हिरवी आहे, त्यांना आवडणार नाही, तरी नेसायला सांग.

एकच गोष्ट, आणि ती लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. मागच्या वेळी मी आखाजीला आले होते तेव्हा ताटात मांडे होते आणि ताटाशेजारी कागद होता. बाबांच्या दापोऱ्याच्या शेतातला माझा हिस्सा मी खुशीने सोडते, असा. खुशीने हा शब्द त्यात दोनदा होता. मी उष्ट्या हाताने पेन धरलं. शेत तू दोन वर्षांत विकलंस, तुझ्या अमोलला शिकवलंस. शिकवायलाच हवं होतं. मी नको म्हणाले नसते, दादा. तू विचारलं असतंस तर मी नको म्हणाले नसते, हेच तर अकरा वर्षं माझ्या घशात अडकलंय.

तर या वेळी ताटाशेजारी कागद नको. बस.

घराला खरंच काही झालं नाही ना? इथे टीव्हीवर तर सगळं गाव उघडं दिसतंय.

रजनी

*

बऱ्हाणपूर
२६ एप्रिल

चि. रजनी,

कागद नाही. पेनसुद्धा घरात ठेवत नाही, हे लिहून झालं की शालिग्रामला देऊन टाकतो. झालं समाधान?

बाकी तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

गावात आता नवीनच तमाशा सुरू आहे. रोज सकाळी गाडीवरून भोंगा येतो. घाबरू नका, शहर पुन्हा उभं राहील, पहिल्यापेक्षा सुंदर उभं राहील. मधेमधे गाणं. चौकात बोर्ड लागला आहे, नव्या बऱ्हाणपूरचं चित्र, त्यात रुंद रस्ते आणि रस्त्यावर गोरी गोरी माणसं सायकल चालवताहेत. शालिग्राम तासभर बघत उभा होता. मला म्हणतो, वामनभाऊ, यात आपण कुठे आहोत? मी म्हटलं, आपण घरात असू, ऊन आहे ना.

सर्वेवाले गल्लीगल्लीतून फिरताहेत. कोणाचं किती पडलं ते लिहून नेतात. मिस्त्री मिळत नाही, पत्रा मिळत नाही, खिळे सोन्याच्या तोऱ्यात आहेत. मी पत्रा ठोकणाऱ्या समाधानला धरून ठेवलंय. त्याच्या आईची मनीऑर्डर मी वीस वर्षं घरी नेऊन दिली होती, म्हणून तो माझं ऐकतो. किरकोळ डागडुजी आहे. तू येशील तेव्हा वास येईल ओल्या मातीचा, नाक मुरडू नको.

झोका बांधला आहे. तू आता छप्पन्नची आहेस आणि तुला गुडघे आहेत, तरी बांधला आहे. मंगळवारी संध्याकाळी मी बस स्टॅण्डवर येतो.

वामनदादा

*

इंदूर
२ मे

ती. दादास,

मी आले नाही. तू बस स्टॅण्डवर किती वेळ उभा राहिलास ते मला कळायला नको आहे.

सोमवारी लालबागहून आपल्या निलेशचा फोन आला होता. काकांचा निलेश, ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही तो. त्यानं फोटो पाठवला. वादळाच्या दुसऱ्या दिवशीचा, अठरा तारखेचा. आपलं घर आहे, दारावरचा गणपती दिसतो, म्हणून आपलंच आहे. वर छप्पर नाही. मागची भिंत नाही. गणपतीच्या वरून सरळ आभाळ दिसतं. आणि एकोणीस तारखेला तू मला लिहितोस, दोन-चार पत्रे हलले!

निलेश पुढे म्हणाला, जिज्जी, तू येणार असशीलच, कारण नुकसानीच्या यादीत नाव घालायला दोघांची सही लागते. घर तुम्हा दोघांच्या नावावर आहे ना.

मी फोन ठेवला आणि बॅग उघडून साडी कपाटात परत ठेवली.

आता सगळं बरोबर बसलं, दादा. अकरा वर्षं तुला बहीण आठवली नाही. घर पडलं, सही हवी झाली, आणि दोन दिवसांत बहीण आठवली. त्यात घर पडलं हेही सांगायचं नाही, म्हणजे मी हसत हसत येईन, पोटभर खाईन, आणि मग तू हळूच म्हणशील, रजनी, जरा एक काम होतं. झोकासुद्धा बांधलास! एवढं कशाला रे. मागच्या वेळी नुसत्या मांड्यांवर काम झालं होतं.

निलेशनं उगाच काडी टाकली असेल, तो टाकतोच. पण फोटो तर खोटा नाही. तुझी दोन पत्रं माझ्यासमोर आहेत, ती खोटी आहेत.

मला फोन करू नये. वहिनींनीही करू नये.

रजनी

*

बऱ्हाणपूर
६ मे

रजनीस,

नाही आलीस ते उत्तम. बस स्टॅण्डवर मी फार वेळ नव्हतो. साडेआठपर्यंतच.

सही लागते हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तुझा विश्वास बसणार नाही, नको बसू दे. इंदुरात बसून तुला माझ्या गल्लीतलं माझ्या आधी कळतं, म्हणजे निलेश पोस्टापेक्षा जलद आहे.

आता तू विचारलं नाहीस तरी सांगतो, म्हणजे पुन्हा लपवलं असं होणार नाही. तीन तारखेला यादी लागली. आपल्या गल्लीतली एकोणीस घरं आहेत, शालिग्रामचं पहिलं आहे. आपलं नाही. आपल्या घरापुढे लिहिलंय, रहने योग्य. तुला तर माहीत आहे, जागा सरकारी भाडेपट्ट्याची, आपल्या फक्त भिंती. यादीतल्यांना त्याच गल्लीत नवं पक्कं घर आणि नवा पट्टा. बाकीच्यांचं घर रस्त्यात आलं किंवा पडलं की पट्टा संपला, राम राम. नवा रस्ता कुठून जाणार ते खुंट्या ठोकून दाखवलंय. एक खुंटी आपल्या ओट्याशी आहे.

नाव का नाही आलं ते विचारू नको. माझ्या मूर्खपणामुळे आलं नाही, एवढं पुरे.

पंधरा मेपर्यंत दावा करता येतो. त्या फॉर्मवर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. फॉर्म आणला होता. मी तुझ्याकडे सही मागणार नाही. मागितली तर तू बरोबर ठरशील, आणि तेवढं सुख मी तुला द्यायला तयार नाही.

वामन

*

बऱ्हाणपूर
९ मे

सौ. रजनीताईंना प्रतिभाचा नमस्कार,

तुम्हाला तीनदा फोन लावला, तुम्ही कापला. म्हणून लिहिते. माझं अक्षर गिचमिड आहे, समजून घ्या. यांना न सांगता लिहिते आहे. फॉर्म सोबत ठेवला आहे. यांची सही मी दोन दिवस भांडून घेतली, जेवण बंद केलं तेव्हा केली.

ताई, तुमचे दादा खोटं बोलले हे खरं आहे. पण कशासाठी बोलले ते ऐका.

त्या गुरुवारी आमचं छप्पर गेलं, मागची भिंत गेली. मी तीन दिवस ओट्यावर स्वैपाक केला. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, रजनीला बोलावतो. मी म्हटलं, डोकं फिरलं का? कुठे बसवाल तिला? तर म्हणाले, घर आहे तोवर एकदा येऊ दे, पुढे काय होईल कोणाला ठाऊक. आणि पडलं म्हणून कळवलं तर ती सणाला नाही, बघायला येईल. मला बघायला आलेली नको, माहेराला आलेली पाहिजे. असे शब्द होते त्यांचे, मी माझ्या पदरचं घालत नाही.

मग दहा दिवस हा माणूस झोपला नाही म्हणा ना. आपले उडालेले पत्रे नदीच्या काठापर्यंत जाऊन गोळा केले. सासष्टीचा माणूस, डोक्यावर पत्रा घेऊन यायचा. ते ठोकून सरळ केले. समाधानला घेऊन पुढची खोली तेवढी झाकली. मागे भिंत नव्हती तिथे बांबूचा तट्ट्या लावला, वरून माती-शेण लिंपलं, त्यावर चुना दिला. तुम्ही पाहिली असती तर तुम्हाला वाटलं असतं भिंतच आहे. मी रोज म्हणायची, अहो, सर्वेवाले आल्यावर करू, आधी त्यांना पडलेलं बघू द्या. शालिग्रामभाऊंनी तर विटा हलवल्यासुद्धा नाहीत, मुद्दाम तशाच ठेवल्या. हे म्हणायचे, रजनी एकोणतीसला येते, सर्वेवाले कधी येतील देव जाणे.

एकोणतीसलाच आले. दुपारी तीनला. दारात सारवलेलं, रांगोळी घातलेली, तोरण, आतून पुरणाचा वास. पोरगेले होते दोघं, उन्हानं लाल झालेले. यांनी त्यांना पाटावर बसवलं, पन्हं दिलं. घरी आलेल्या माणसाशी कसं बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या एकानं विचारलं, और काका, सब बढ़िया? हे म्हणाले, बढ़िया, बेटा, सब भगवान की दया. शाम को बहन आ रही है. आलेल्याला हे दुसरं काय सांगणार, ताई? आयुष्यभर तेच सांगत आले. त्यानं वर पाहिलं, छप्पर होतं. मागे पाहिलं, भिंत होती. यांना म्हणाला इथे सही करा. यांनी केली आणि वर त्यांना उद्या जेवायला या म्हणाले.

ते गेल्यावर अर्ध्या तासानं मला म्हणाले, प्रतिभा, मी काय करून बसलो? मग लगेच म्हणाले, जाऊ दे, बसची वेळ झाली. आणि धोतर बदलून स्टॅण्डवर गेले.

आखाजीला आमच्याकडे कोणी जेवलं नाही. मांडे मी शालिग्रामभाऊंकडे दिले.

ताई, पंधरा तारीख आहे शेवटची. सही करून स्पीड पोस्टानं पाठवा. किंवा या. तुमच्या पाया पडते.

प्रतिभा

*

इंदूर
२० मे

ती. दादा,

हे पत्र वहिनींना द्यायचं नाही. वाचून फाडून टाक, किंवा ठेव, तुझी मर्जी.

वहिनींचं पाकीट मला बारा तारखेला मिळालं. मी ते उघडलं तर आधी फॉर्म बाहेर आला. सरकारी फॉर्म, खाली तुझी सही, तिच्या शेजारी रिकामी जागा आणि पेन्सिलनं फुली. मला वाटलं, आलाच शेवटी! स्वतः मागत नाही तर बायकोकडून मागवतोय. आतली चिठ्ठी मी बाहेर काढलीच नाही, दादा. दिसत होती. मला ती वाचायची नव्हती. फॉर्म परत आत कोंबला आणि पाकीट परीक्षेच्या पेपरांखाली ठेवलं. सहा दिवस मी त्याच्यावर चहाचा कप ठेवत होते.

अठराला रविवारी पेपर परत करायचे म्हणून गठ्ठा उचलला आणि चिठ्ठी जमिनीवर पडली.

सोमवारी पहिल्या बसनं निघाले. काल. हो, मी काल बऱ्हाणपूरला येऊन गेले. सरळ त्या ऑफिसात गेले. खिडकीवर एक मुलगी होती, चांगली होती बिचारी. म्हणाली, मॅडम, पंद्रह को बंद हो गया. मी म्हटलं, बेटा, गलती मेरी है, भाई की नहीं. ती म्हणाली, गलती का कॉलम नहीं है, मॅडम. मी तिच्यासमोर सही केली. तिनं कागद घेतला नाही. मी पुन्हा पुढे सरकवला, तिनं पुन्हा परत दिला. मागे रांग होती, लोक ओरडायला लागले, तेव्हा मी बाजूला झाले.

मग मी रिक्षा करून राजघाट रस्त्याला आले. गल्लीच्या तोंडाशी उतरले. तू ओट्यावर बसला होतास, पाठमोरा, सुतळी वळत. खोली दिसली. चुना दिसला. तीस पावलं होती. मी तिथे उभं राहून दहा वेळा ठरवलं की जावं. काय सांगू तुला? की तू माझ्यासाठी छप्पर घातलंस म्हणून घर गेलं, आणि उरलं ते मी सहा दिवस कपाखाली दाबून घालवलं? कोणत्या तोंडानं सांगू?

तू वळायच्या आत मी निघाले.

तू मला काहीही लिही. शिव्या लिही. पण लिही.

रजनी

*

लालबाग, बऱ्हाणपूर
३० मार्च २०२६

चि. रजनी,

पत्ता बदलला आहे, वर बघ. स्टेशनच्या मागे दोन खोल्या आहेत, भाड्याच्या. गाडी गेली की भांडी वाजतात. प्रतिभा म्हणते सोबत होते.

तुझं मे महिन्याचं पत्र मिळालं होतं. दहा महिने उत्तर दिलं नाही. सुरुवातीला रागानं दिलं नाही. मग लाजेनं. मग नुसतीच सवय पडली. पत्र फाडलं नाही.

घराचं सांगतो. त्या रहने योग्य घराची बाजूची भिंत जुलैच्या झडीत रात्रीतून खाली आली. आम्ही पुढच्या खोलीत होतो, वाचलो. सप्टेंबरात मशीन आलं आणि अर्ध्या तासात सपाट करून गेलं. मी समोर उभा होतो. मशीनवाल्यानं मला विचारलं, बाबा, कुछ निकालना है? मी म्हटलं, नाही, सगळं निघालं. पट्टा रद्द झाल्याचा कागद टपालानं आला. तोही माझ्याच जुन्या खात्याचा नवा पोऱ्या घेऊन आला, आणि वर म्हणतो, काका, मिठाई खिलाओ, सरकारी लिफाफा है.

बाकी गाव उभं राहिलं, तेही लिहितो, नाहीतर म्हणशील दादाला फक्त कुरकुर येते. आपल्या गल्लीत एकोणीस पक्की घरं झाली, सगळी गुलाबी. नळ आत आहे. शालिग्राम सकाळी नुसता नळ सोडून बघत बसतो. नवी बकरी घेतली आहे. लूम चालू झाले, दापोऱ्याची केळी परत कमरेएवढी आली. उद्घाटनाला भाषण झालं, जे झालं ते विसरून पुढे चला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारचे वाजवत होते, मी हात कुठे ठेवणार? रस्ता खरंच रुंद झालाय. आपला ओटा होता तिथून आता दोन ट्रक एकमेकांना ओलांडून जातात. मी एकदा जाऊन पाहिलं. परत जाणार नाही.

अमोल म्हणतो बंगलोरला या, बाराव्या मजल्यावर. ज्या पोराला वाढवायला शेत विकलं त्याच्याकडे मला आकाशात राहायचं नाही. तो वाईट नाही. फोन करतो, वीस सेकंद बोलतो आणि विचारतो, सब बढ़िया ना? मी बढ़िया म्हणतो. माझी जीभच तशी झाली आहे, तिला मी काय करू?

आता एक लिहायचं होतं, ते अकरा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. तो कागद ताटाशेजारी मीच ठेवला होता. वकिलानं नाही, बाबांच्या इच्छेनं नाही, मी. तुझा अर्धा मांडा खाऊन झाला होता. मला खरंच वाटत होतं की बहिणीनं सोडायचंच असतं. सगळ्यांच्या घरी सोडतात, दुपारी सोडतात आणि संध्याकाळी झोके घेतात. तुला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तू लिहिलंस, विचारलं असतंस तर नको म्हणाले नसते. ते वाक्य मी गेल्या वर्षी वाचलं आणि तुला लिहिलं की यावर आत्ता काही लिहीत नाही. लिहायला हवं होतं. तेव्हाच लिहिलं असतं तर तू निलेशचं ऐकलं नसतंस. चूक झाली, रजनी. माझी.

तुझ्या सहा दिवसांचं ओझं वाहू नको. फॉर्म गेला असता तरी मंजूर झाला असता असं कोणी सांगावं. मला तसं वाटत नाही, पण तू तसं समज.

एक मात्र कळलं नाही. तीस पावलांवरून परत गेलीस. हाक का नाही मारलीस? मी शिव्या दिल्या असत्या. मग प्रतिभानं चहा केला असता.

आखाजी तीन आठवड्यांवर आली आहे. यंदा मी तुला बोलावत नाही. बोलवायला माहेर लागतं. दोन भाड्याच्या खोल्यांत आम्हीच अजून पाहुण्यासारखे राहतो, तुला कुठल्या तोंडानं ये म्हणू?

तब्येतीला जप. गुडघ्याला तीळतेल लाव.

वामनदादा

*

इंदूर
४ एप्रिल २०२६

दादा,

तू बोलावणार नाहीस असं लिहिलंस ते बरं केलंस. बोलावलं असतंस तर मी पुन्हा बॅग भरून बसले असते आणि पुन्हा विचार केला असता, का बोलावतोय.

अकरा वर्षं मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तुला मी हवी आहे की माझी सही. किती वेळा स्वतःला विचारलं आणि किती वेळा उत्तर चुकीचं दिलं. घर गेलं तेव्हा कुठे कळलं.

आता तुझ्याजवळ माझी सही लागेल असं काहीच उरलेलं नाही. आता मी येते.

रजनी